इष्टुर फाकडा आणि एक काळी ट्रंक

ट्रंक काळी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात आधी एक नंबर, मग हुद्दा, मग नाव, सगळं इंग्रजीत. देहूरोडच्या बाजारामागे आमची जुनी बैठी चाळ आहे. तिच्या शेवटच्या खोलीत ही ट्रंक पलंगाखाली असते. आत थंडीतली पांघरुणं ठेवतात. खोली मावशींची, म्हणजे आमच्या शेजारच्या. नात्यानं मावशी नव्हेत, पण अख्ख्या चाळीच्या मावशी. ट्रंक त्यांच्या दादाची. तो मराठा पलटणीत होता आणि १९६५ च्या लढाईत गेला. मावशी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या.

तार आधी आली. दिवाळी होऊन गेल्यावर रेल्वेनं ही ट्रंक आली. मावशींचे वडील डेपोत कामाला होते. त्यांनी स्टेशनावरून ती हातगाडीवर घालून आणली आणि वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. आत कांबळं, मेस टिन, दाढीचं सामान, घरून गेलेली चार पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या. बाकी काही नाही. दादाला अग्नी तिकडेच दिलेला होता.

आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. शहीद जवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिरंग्यातली पेटी, फुलांनी सजवलेला लष्करी ट्रक आणि रस्त्याच्या दुतर्फा उभं असलेलं गाव येतं. ही पद्धत रुळली ती १९९९ च्या कारगिल युद्धात. त्याआधीच्या लढायांत पडलेल्या बहुतेकांचे अंत्यविधी आघाडीच्या जवळच उरकत आणि घरी येई ते सामान. १९६२, ६५ आणि ७१ ची महाराष्ट्रातली कितीतरी घरं अशीच आहेत. त्यांच्याकडे राख आली नाही, ट्रंक आली. ज्यांना रडायला काही हवं होतं ते ट्रंकेला धरून रडले.

मी मात्र त्या ट्रंकेबद्दल लिहायला निघालो नव्हतो. संपादकांनी 'आठवण' हा विषय दिला तेव्हा म्हटलं, आपल्या पट्ट्यात लढाईत पडलेल्या माणसांच्या आठवणी कुठं कुठं आहेत त्या फिरून पाहाव्यात. पिंपरी-चिंचवड-चाकण म्हटलं की लोकांना गाड्यांचे कारखाने, शिफ्टच्या बसगाड्या आणि तळवडे चौकातली कोंडी एवढंच आठवतं. पण हा फौजांच्या जाण्यायेण्याचा रस्ता आहे आणि तो आजचा नाही.

भिंतीच्या अलीकडे, पलीकडे

बाहेरचा माणूस देहू आणि देहूरोड यांत हमखास घोळ करतो. देहू इंद्रायणीकाठी, तुकोबांचं. देहूरोड हायवेवर आणि रेल्वेवर, फौजेचं. दारूगोळा आणि लष्करी सामानाचे डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, कॅन्टोन्मेंट, आणि मैलोगणती चालणारी भिंत. 'फोटो काढण्यास मनाई आहे' ही पाटी वाचून इथल्या मुलांची अक्षरओळख पक्की होते. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे दोन-चार मैलांच्या आत वारकरी, बौद्ध आणि पलटण अशा तिघांची वस्ती.

या शेजाराची मला गंमत वाटायची. मग गाथेतले पाइकाचे अभंग वाचले. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. तुकोबांनी त्याच्यावर एक अख्खं प्रकरण रचलंय, अकरा अभंगांचं. खरा पाईक कोण आणि पोटासाठी नुसता हत्यार बाळगणारा कोण, धन्यासाठी जिवावर उदार होणं म्हणजे काय, हे सगळं ते शिपायाच्या बोलीत सांगतात आणि बोलता बोलता भक्तीवर आणून सोडतात. त्यांच्या कीर्तनाला शिवरायांचे मावळे बसत, असं परंपरा सांगते. इतिहासकारांनी त्यावर काय वाद घालायचा तो घालावा. सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याला शिपायाचं जिणं आतून ठाऊक होतं, एवढं त्या अभंगांवरून दिसतंच.

दुसरी गोष्ट इंद्रायणीची. वह्या डोहात बुडवल्या, तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. आमच्या आजीला हे शब्दशः खरं होतं. आमचे मराठीचे मास्तर मात्र वर्गात सांगायचे की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, त्यांना कोण बुडवणार? मी लहानपणी आजीच्या बाजूचा होतो. आता वडगावला जाऊन आल्यावर मास्तरांकडे थोडा सरकलोय.

लोकलनं वडगावला

देहूरोडहून लोणावळा लोकल धरली की बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव आणि मग वडगाव. डाव्या हाताला घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. तुकोबा एकांताला जात त्या तीन डोंगरांपैकी तो एक. सकाळच्या गाडीला उलट्या दिशेनं गर्दी कमी असते, तरी दारात दोन दूधवाले रिकाम्या किटल्यांवर बसलेले होतेच.

वडगाव मावळ हे तालुक्याचं गाव. ग्रामदैवत पोटोबा महाराज. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, पोलीस ठाणं, स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले. सातबाऱ्याची नक्कल काढायला आलेली माणसं इथं दिवस घालवतात. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून जरा जास्तच. रिक्षावाल्याला म्हटलं, "इंग्रजाचं थडगं कुठाय?" त्याला कळेना. मग म्हटलं, "इष्टुर फाकडा." तो लगेच म्हणाला, "असं सांगा ना. पोलीस चौकीत."

कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याच्या परिसरात मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्यानं गेला. त्याची समाधी म्हणून जी जागा दाखवतात ती वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. जप्त केलेल्या दुचाकी एका बाजूला गंजत पडलेल्या, आणि इकडे हार, उदबत्तीची राख, नारळाच्या शेंड्या. कोर्टाच्या तारखेला आलेली एक बाई चप्पल काढून दोन फुलं ठेवत होती. तिला विचारलं, कोण आहे हा?

"फाकडा."

"म्हणजे?"

"गोरा सायेब व्हता. लढाईत मेला. लई धाडसाचा."

कुणाच्या बाजूनं लढला, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिची तारीख होती, आणि तिनं फूल वाहिलं ते तारखेसाठी.

आठ मैल, अकरा दिवस

तो कुणाच्या बाजूनं लढला हे सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्या फुलाचं नवल कळत नाही.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना पुण्याची गादी हवी होती. नाना फडणीस आणि बारभाईंनी ती मिळू दिली नाही. दादा मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांना साष्टी आणि वसई पाहिजे होती, दादांना पुणे. बरेच फाटे फुटत अखेर नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्याकडे निघाली. माणसं जेमतेम चार हजार, त्यांत गोरे सहाशेच्या आसपास, बाकी आपलेच शिपाई. सामानाला बैल मात्र एकोणीस हजार. हुकूम एका सेनापतीचा नव्हता, तिघांची कमिटी होती: कर्नल एगर्टन, कार्नाक आणि मोस्टिन. मोस्टिन वाटेतच आजारी पडून परतला आणि मुंबईत वारला. आजाऱ्यानं चालवलेली, कमिटीनं हाकलेली आणि बैलांनी ओढलेली ही फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. तिथून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल काटायला तिला अकरा दिवस लागले.

मराठ्यांनी तिला मुद्दाम येऊ दिलं. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा आसपास होत्या आणि तोफखान्याची धुरा भिवराव पानशांकडे होती. समोर ठाकून लढायचं नाही, चारा जाळायचा, रसद तोडायची, दुरून तोफा डागायच्या. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. पुढे चालणाऱ्या तुकडीत सगळ्यात धडाडीचा माणूस होता स्ट्युअर्ट. चार दिवसांनी तोही पडला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता आणि तिथंच गोळा लागला, असं मावळात सांगतात.

पुढची हकीकत शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते. फौज ९ जानेवारीला तळेगावात पोचली तर गाव जाळून मोकळं केलेलं. चिंचवड आणि खुद्द पुणंही असंच पेटवून द्यायची तयारी असल्याची खबर लागली. आज मोटारींच्या धुरानं डोळे चुरचुरतात तेव्हा मला हे हटकून आठवतं: हे चिंचवड एकदा आपणच आपल्या हातानं जाळायला काढलं होतं. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि माघार घेतली. मराठ्यांनी त्यांना वडगावात कोंडलं. महिन्याच्या मध्याला तह झाला: साष्टीसकट आधी घेतलेलं सगळं परत आणि दादा महादजींच्या ताब्यात. कंपनीनं नंतर तो मानला नाही, पण इंग्रजी फौजेला हात वर करायला लावणारं गाव म्हणून वडगावचं नाव राहिलं. हायवेलगत विजयस्तंभ आहे, महादजींचा पुतळा आहे. गाड्या ऐंशीच्या वेगानं जातात. उतरून पाहणारे थोडे.

आणि गावात आत, चौकीच्या आवारात, हरलेल्या बाजूच्या मेलेल्या माणसाला फूल.

स्ट्युअर्टचा इष्टुर

स्टेशनचं इस्टेशन होतं, स्कूलचं इस्कूल, स्टाइलचं इष्टाईल. मराठी जिभेला शब्दाच्या तोंडाशी 'स्ट' आला की आधी एक 'इ'ची पायरी लागते. स्ट्युअर्टचा इष्टुर झाला तो याच वाटेनं. 'फाकडा' हा शब्द तर खास आपला. नुसता शूर नव्हे. देखणा, रुबाबदार, बेडर आणि थोडा छाती काढून चालणारा. पेशवाईत ही पदवी मोजक्या माणसांनाच मिळाली: मानाजी शिंदे फाकडे, कोन्हेरराव एकबोटे फाकडे. ती कुणा दरबारातून मिळत नसे, छावणीतल्या गप्पांतून चिकटत असे. त्या ओळीत शत्रूचा एक कप्तान जाऊन बसला.

आणि हे काही नंतरच्या काळात कुणी रचलेलं नाही. ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात स्ट्युअर्टला मुलखात फाकडा म्हणून ओळखतात, हे येऊन गेलंय. म्हणजे लढाईनंतर पन्नास वर्षांच्या आत नाव पक्कं झालेलं होतं. कार्ल्याची लढाई डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा हयात असणार.

मग माझ्या मनात हिशेब सुरू झाला. माणूस पडला ४ जानेवारीला, कार्ल्यात. इंग्रजी फौज वडगावात अडकली ती बाराला. मधले आठ दिवस प्रेत फौजेबरोबर कशाला फिरेल? कार्ल्याला पुरलं असेल तर वडगावला समाधी कशी? आणखी एक गुंता. तह झाला तेव्हा इंग्रजांनी दोन ओलीस ठेवले, एक फार्मर नावाचा मुलकी अधिकारी आणि दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट. वडगावच्या लोकांनी ज्या स्ट्युअर्टला चालताबोलता पाहिला तो हा. कार्ल्याला मेलेला आणि वडगावात ओलीस राहिलेला, दोघांची नावं एकमेकांत मिसळून एकच इष्टुर झाला असेल का? मला तरी हे अशक्य वाटत नाही.

चहाच्या टपरीवर मी हा हिशेब मांडला. टपरीवाल्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पण फाकडा तर इथंच आहे ना." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जेम्स स्ट्युअर्ट जगला कसा, हे वडगावात कुणी सांगत नाही. त्याचं घर, त्याची आई, तो कशासाठी कंपनीत भरती झाला, मुंबईत कसा राहिला, यातलं काही त्या समाधीपाशी नाही. उरलं ते एक टोपणनाव, एक झाड आणि एक गोळा. लढाईत पडलेल्या माणसाचं पहिल्यांदा हरवतं ते आयुष्य. मरण तेवढं राहतं. मावशींच्या दादाला पोहता यायचं, तो इंद्रायणीच्या डोहात सूर मारायचा, त्याला भेंडीची भाजी आवडत नसे, हे मावशी गेल्या की जाईल. ट्रंकेवर लिहिलंय ते नंबर, हुद्दा, नाव.

वीरगळ

एक गोष्ट मात्र वडगावहून परतताना घशात अडकली. त्या लढाईत मराठ्यांकडूनही माणसं पडली असतीलच की. त्यांतल्या एकाचंही नाव वडगावच्या त्या बाईला, रिक्षावाल्याला किंवा मला सांगता येणार नाही. सरदारांची नावं आहेत: महादजी, तुकोजी, हरिपंत, पानसे. पानशांच्या तोफेला बत्ती देणाऱ्याचं नाही. जिंकणाऱ्या बाजूच्या शिपायाला ना समाधी ना टोपणनाव.

असं म्हणावं तर आपल्याकडे वीरगळ आहेत. मावळातल्या बऱ्याच जुन्या गावांत देवळाच्या बाहेर किंवा पाराच्या कडेला ते उभे दिसतात. दगड खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कुठं गाईगुरं, म्हणजे गुरं सोडवताना मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्याला चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती. शिल्पाची कल्पना इतकी नेटकी, पण आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर नावच नाही. गावाला तेव्हा नाव लिहायची गरज वाटली नसेल. सगळ्यांनाच माहीत होतं ना, कुणाचा दगड आहे ते. चार पिढ्या गेल्या, माहीत असणारे गेले आणि मग त्याच दगडाला कुणी शेंदूर फासून देव केलं, कुणी धुणं धुवायला आडवा घातला. कीर्ती चंद्र-सूर्याच्या भरवशावर सोडली की असं होतं.

खडकीची अक्षरं

याच्या अगदी उलट टोक त्याच लोकल लाइनवर आहे. देहूरोडहून पुण्याकडे निघालं की खडकी. तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांची दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, त्या इथं आणल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या आणखी अठराशेहून जास्त सैनिकांची नावंही इथंच कोरलीत. हा सारा कारभार कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा. १९१७ मध्ये ही संस्था निघाली तेव्हा तिनं एक नियम घातला: सगळ्या दगडांचा घाट एक. कर्नल असो की शिपाई, दगड तसाच. त्यावर पलटणीचं चिन्ह, नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ. तिलाही मर्यादा होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सहासष्ट अक्षरं. लंडनच्या किंवा ग्लासगोच्या एखाद्या आईनं टेबलाशी बसून अक्षरं मोजत मुलाबद्दल काय ते लिहायचं. मला त्या रांगांमधून चालताना नावांपेक्षा वयं वाचवत नाहीत. १९. २१. २०.

गवत कापलेलं, फुलझाडं छाटलेली, अक्षर झिजलं तर दगड बदलतात. आठवण अशीही राखता येते: ऑफिस, माळी, बजेट लावून. मात्र ती समान वागणूक सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. २०२१ मध्ये याच कमिशननं अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या हजारो आफ्रिकी, हिंदी आणि इजिप्शियन मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीनं स्मरणात जागा दिली गेली नाही. काहींची नावंच नोंदवली नाहीत. शिवाय आपल्या हिंदू शिपायांना अग्नी दिला, तेव्हा थडगं कुठून येणार? त्यांच्या वाट्याला भिंतीवरची ओळ आली. आली तर.

दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. संध्याकाळी कुणा एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. मावशी दिल्लीला गेलेल्या नाहीत. त्यांच्या नातवानं मोबाइलवर ती भिंत दाखवली तेव्हा म्हणाल्या, "वीट चांगली आहे. कोण सारवतं ती?"

टायबरच्या खोऱ्यात

वडगावच्या फाकड्याला जोड म्हणून मला एक नाव सारखं आठवत होतं. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्यातलं पळसगाव. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

हे झालं आपल्याकडचं. तिकडचं असं, की जुलै २०२३ मध्ये त्या खोऱ्यातल्या मोंतोने या छोट्या गावात घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. कोकणातल्या शिपायाचं इटलीशी काय वैर होतं? काहीच नाही. त्याला नेणारं साम्राज्य त्याचं नव्हतं आणि ज्या जमिनीवर तो पडला तीही त्याची नव्हती. स्ट्युअर्ट निदान स्वतःच्या कंपनीच्या फायद्यासाठी आला होता. तरी दोघांनाही शेवटी परक्या खोऱ्यातल्या लोकांनी जागा दिली, इंद्रायणीच्या आणि टायबरच्या.

शत्रूची दाद ही गोष्ट वेगळीच असते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पुण्यात जन्मले आणि पूना हॉर्स या रेजिमेंटमधून लढले. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्यांचा 'फामागुस्ता' रणगाडा पेटला. वय एकवीस, मरणोत्तर परमवीरचक्र. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्याकडे ते उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी शेवटी सांगितलं, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो. ते सांगताना त्यांनी अरुणच्या शौर्याची मनापासून तारीफ केली. बापाला मुलाच्या शेवटच्या घटका सांगणारा मिळाला तो असा.

मोंतोनेच्या लोकांना 'घाडगे' म्हणता येत असेल का? इटालियन जिभेला 'घ' नाही, 'ड'ही आपल्यासारखा नाही. ती जीभ त्या नावाचं काय करेल याचा मी लोकलमध्ये बसून बराच विचार केला. गादजे? गाडे? शंभर-दोनशे वर्षांनी तिकडची कुणी बाई कोर्टाच्या कामाला आली असताना त्या घड्याळापाशी थांबेल आणि भलतंच काहीतरी नाव घेईल. घेऊ दे.

आकडा

मावशींच्या घरी दर दिवाळीत भिंतींना चुना लागतो आणि ट्रंकेला काळा रंग. त्यानंतर बारीक ब्रशनं झाकणावरची पांढरी अक्षरं. हे काम आधी मावशींच्या वडलांकडे होतं. त्यांना इंग्रजी येत नसे, ते फक्त रेघेवर रेघ ओढायचे. नंतर धाकटा भाऊ, मग भाचे. साठ वर्षांत अक्षरं जाडजूड झालीत. 'एस'ला शेपूट फुटलंय. नंबरातला शेवटून दुसरा आकडा तर धड आठही नाही आणि तीनही नाही. आठाच्या डाव्या अंगाला कुणाचा तरी ब्रश थांबला आणि पुढच्यानं तेवढंच गिरवलं.

यंदा घरात कुणी नव्हतं, नातू शिफ्टला गेलेला. मावशींनी मला हाक मारली आणि ब्रश हातात दिला. मी ट्रंक दाराशी उजेडात ओढली. वडगाव, खडकी, दिल्ली डोक्यात ताजं होतं, त्यामुळे मी शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, हा आकडा चुकलाय. पेन्शनच्या जुन्या कागदावर खरा नंबर असेल. काढा ना तो, बघून नीट करतो."

त्या पणत्या पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कागद कागदापाशी राहू दे. आहे तसंच गिरव. हात हलवू नकोस फक्त."

मी ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळला, आणि तो आठही नसलेला, तीनही नसलेला आकडा होता तसाच गिरवायला घेतला.